ॲसिडिटी

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय, आणि बसलोय तो चिडून. घरातले बरेच जण हे वाचतात ते मला माहीत आहे. मोठे काका तर मुलाकडून प्रिंट काढून घेतात. तेव्हा काका, आधीच सांगतो, यात तुम्ही आहात. दाजी पण आहेत, मावशी पण. आणि सगळ्यात जास्त मी आहे, ते शेवटाकडे येईलच.

झालं असं. मागच्या महिन्यात मोशीला चुलतभावाच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. ताई-दाजी करमाळ्याहून आले होते. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, इथेच कुरुळीत तीन पोरांबरोबर खोली घेऊन राहतो. डिप्लोमा मेकॅनिकल, वय २३, चाकणच्या एका व्हेंडर कंपनीत ठेकेदारामार्फत लाइनवर. (त्याला विचारूनच लिहितोय. "मामा, नाव नको टाकू, बाकी काय लिहायचं ते लिही" म्हणाला.) दोन महिन्यांपूर्वी थर्ड शिफ्टला पहाटे तीनच्या सुमारास त्याची छाती धडधडायला लागली, हातापायांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना. मरतोय असंच वाटलं त्याला. सुपरवायझरने गाडीत घालून दवाखान्यात नेलं. ईसीजी नॉर्मल. गॅस झालाय म्हणून इंजेक्शन दिलं, सोडून दिलं. त्यानंतर आणखी दोनदा तसंच झालं. आता तो कंपनीच्या बसमध्ये दाराजवळची सीट मिळाली नाही तर बसतच नाही. दहा दिवस बिनपगारी घरी होता.

जेवणं झाल्यावर सतरंजीवर सगळे टेकले आणि सुरू झालं निदान. दाजी म्हणाले मोबाइल, रात्रभर रील बघतो. मावशी म्हणाली नजर लागलीय, नाहीतर चाकणच्या त्या नाक्यावर काही ओलांडलं असेल. चुलतभाऊ म्हणाला ओव्हरथिंकिंग. कुणीतरी म्हणालं लग्न करून द्या, सगळं ताळ्यावर येईल. (ज्या मुलाला बसमध्ये बसवत नाही त्याच्या गळ्यात एक संसार घाला, हा उपाय!) आणि शेवटी काकांनी निकाल दिला, "मन कमकुवत आहे आजकालच्या पोरांचं. आमच्या वेळी असलं काही नव्हतं."

पोरगं तिथेच बसलं होतं, द्रोणातली बासुंदी चमच्याने फिरवत.

माझा राग कशाचा आहे ते नीट सांगतो. इतक्या माणसांनी इतकी कारणं सांगितली, आणि त्यातल्या एकाही कारणाने सांगणाऱ्याला काडीचंही काम पडत नव्हतं. मोबाइल म्हटलं की दोष पोराचा. नजर म्हटलं की दोष शेजाऱ्याचा. मन कमकुवत म्हटलं की विषयच संपला. आपण कारण शोधतोय असं म्हणतो, पण शोधत असतो आरोपी, आणि तो आपण सोडून कुणीही चालतो.

आता काकांचा मुद्दा. आमच्या वेळी नव्हतं.

अमेरिकेतल्या यादवी युद्धात जेकब डा कोस्टा नावाच्या डॉक्टरने सैनिक तपासले. धडधडत्या छातीचे, धापा टाकणारे, छाती दुखते म्हणणारे तरुण. हृदयात मात्र बिघाड सापडेना. त्याने त्यावर १८७१ साली लेख लिहिला. त्या पोरांकडे मोबाइल नव्हता, दाजी. पॅनिकच्या विकाराला आज आहे ते स्वतंत्र नाव अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत १९८० साली आलं, पण नाव आलं त्या दिवशी आजार सुरू झाला असं नाही. त्याआधी तो हृदयाच्या खात्यावर जमा व्हायचा, नसांच्या खात्यावर, देवाच्या खात्यावर. आपल्याकडे तो पित्ताच्या खात्यावर जमा होतो.

काका, संपाचं वर्ष आठवतंय? मी सातवीत होतो, तुमच्याकडे राहायला आलो होतो. तुम्ही रात्री तीन-तीनदा उठून कडी बघायचात. गॅसचं बटण बघायचात. एकदा मध्यरात्री छातीला हात धरून अंगणात बसला होतात आणि काकू पाठ चोळत होती. सकाळी शेजारच्यांनी विचारलं तर काकू म्हणाली, "यांना पित्त होतं." त्यानंतर पुढे कितीतरी वर्षं तुम्ही लिफ्टने गेला नाहीत. आम्हाला वाटायचं काका व्यायाम म्हणून जिने चढतात.

आजीला 'धडकी भरायची'. दिवाळीत सगळे जमले की हमखास. तिलाही सोडा-लिंबू द्यायचे.

आपल्या घरात पित्त फार, असं आपण हसत म्हणतो ना, ते मला आता वेगळं ऐकू येतं. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून असं दिसतं की माणसामाणसांत चिंताविकाराची जी कमीजास्त शक्यता असते, त्या फरकातला साधारण ३० ते ४० टक्के वाटा आनुवंशिकतेचा असतो. २००१ साली असे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, त्यातही आकडे याच आसपास आले. याचा अर्थ भाच्याचा आजार तीस टक्के आजीकडून आला असा नाही, आणि एखादं 'चिंतेचं जनुक'ही सापडलेलं नाही. पुष्कळ जनुकांचा थोडाथोडा हात असतो. कुणाचा अलार्म जन्मतःच हलका असतो, मांजर गेलं तरी वाजतो, एवढंच. यात कमकुवत काय आहे? काकांनी त्या हलक्या अलार्मसकट चौतीस वर्षं नोकरी केली, दोन मुली शिकवल्या.

पण मग काकांचं निभावलं आणि पोराचं का नाही? तर इथे मी पोराची बाजू घेणार आहे.

काका १९७४ साली पिंपरीतल्या एका मोठ्या कंपनीत चिकटले आणि दीड वर्षात पर्मनंट झाले. पिंपरी-चिंचवड त्याच हिशोबावर वसलं. १९५४ ला हिंदुस्तान ॲन्टिबायोटिक्स आली, मागून टेल्को आली, आकुर्डीला बजाज आली. या कारखान्यांनी नोकरी दिली म्हणजे कॉलनी, कॅन्टीन, सोसायटीचं कर्ज, मुलांची शाळा, सगळं आलं. काम हलकं नव्हतं, फोर्जिंगला काम केलेल्या माणसाला विचारा. पण पुढच्या वर्षी याच गेटातून आत येणार, हे माहीत असायचं. काकांची कडी बघायची सवय नेमकी कधी सुरू झाली? संपात. जेव्हा ते माहीत नव्हतं तेव्हा.

भाच्याला ते कधीच माहीत नसतं. पहिलं कंत्राट सात महिन्यांचं, मग 'ब्रेक', मग दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर तेच मशीन, तीच लाइन, नवीन गेटपास. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात २४० दिवस सलग काम केलेल्याला काही हक्क होते, आणि २४० भरायच्या आत ब्रेक द्यायची युक्ती या पट्ट्यात इतकी मुरली की पोरंच बोटावर दिवस मोजतात. कुरुळी, निघोजे, महाळुंगे, खालुंब्रे, कुठल्याही चाळीत संध्याकाळी जाऊन बसा. ब्रेक कधी, आणि ब्रेकनंतर घेतील का, हाच विषय.

आणि हे 'घेतील का' फार महाग पडतं. २०१६ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ४५ जणांना एक कॉम्प्युटरचा खेळ खेळायला बसवलं. दगड उलटायचे, खाली साप आहे की नाही ओळखायचं. साप निघाला की हाताला खराखुरा विजेचा झटका. घाम, डोळ्यांच्या बाहुल्या वगैरेंवरून ताण मोजत होते. तुम्हाला काय वाटतं, सगळ्यात जास्त ताण कधी? झटका नक्की बसणार असेल तेव्हा? नाही. बसेल की नाही याची शक्यता निम्मी-निम्मी असते तेव्हा. नक्की बसणार म्हटल्यावर माणसं त्यामानाने शांत होती.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या कंपनीचं गेट आठवलं. ब्रेकच्या आठवड्यात पोरं पंचिंग मशीनवर कार्ड लावतात तेव्हाचे त्यांचे चेहरे. हिरवा दिवा लागेल की लाल. तो झटक्याचा प्रयोग आमच्याकडे रोज सकाळी साडेसहाला चालतो आणि त्यावर कुणी पेपर लिहीत नाही.

आता हे म्हटलं की माझा युनियनवाला मित्र टाळ्या वाजवेल. बघ, सगळं व्यवस्थेमुळे! त्यालाही सांगतो, थांब जरा. भाच्याच्या खोलीत चौघे आहेत. चौघांचं कंत्राट तेच, शिफ्ट तीच, मेस तीच. तिघे घोरतात. एकाला पहाटे तीनला मरण दिसतं. फक्त व्यवस्थाच कारण असती तर चौघांनाही दिसायला हवं होतं. आणि मला... पण ते पुढे. व्यवस्था बदलेपर्यंत पोराने काय करायचं, याचं उत्तर तुझ्याकडे नाही, आणि 'सगळं व्यवस्थेमुळे' म्हटलं की ते द्यावंही लागत नाही. म्हणजे तूही त्या सतरंजीवरच बसलायस, लेका.

कंपनीवाले तर कहर. आमच्याकडे दरवर्षी 'वेलनेस वीक' असतो. एक बाई येतात, गोड बोलतात, डोळे मिटा म्हणतात, श्वास आत, श्वास बाहेर. हसू नका, दीर्घ श्वासाने बरं वाटतं, मी स्वतः करतो. पण त्या हॉलच्या भिंतीपलीकडे जेवणाची सुट्टी वीस मिनिटांची आहे आणि आठवड्याला शिफ्ट बदलते. सलग ३५ तास जागं ठेवलेल्या तरुणांच्या मेंदूची चित्रं २००७ साली काढली होती, तेव्हा त्रासदायक फोटो बघताना त्यांचा भीतीचा भाग नीट झोपलेल्यांपेक्षा सुमारे ६० टक्के जास्त पेटलेला दिसला. शिफ्टचं वेळापत्रक कंपनीच्या हातात आहे, श्वास पोराच्या. सत्र श्वासावर ठेवतात, वेळापत्रकावर नाही. त्याला खर्च येतो ना!

आणि एक चौथा पक्ष आहे, शिकल्यासवरल्यांचा. 'केमिकल इम्बॅलन्स' आहे, गोळी घे, विषय संपला. गोळ्यांना माझा विरोध नाही. कित्येकांना त्यांनी उभं केलंय, मी स्वतः घेतल्यात. पण क्रोसिनने ताप उतरतो म्हणून अंगात क्रोसिन कमी पडल्याने ताप आला असं कुणी म्हणत नाही. शरीराचा वाटा आहेच, आणि तो तपासावा. थायरॉइड जास्त चालत असेल तर हुबेहूब असंच होतं, धडधड, घाम, थरथर. साध्या रक्ततपासणीत कळतं. भाच्याची ती तपासणी तीन दवाखान्यांत मिळून एकदाही झाली नव्हती, गॅसची इंजेक्शनं मात्र तीन झाली होती. थर्ड शिफ्टला तो मशीनचा चहा सहा-सहा कप प्यायचा, वर झोप येऊ नये म्हणून तंबाखू. दोन्हीने हृदय धावतं. हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

मग त्या रात्री झालं काय? आता मला जे कळलंय ते सांगतो. दोन दिवस झोप नाही, पोटात चहा-तंबाखू, ब्रेक चार दिवसांवर, आणि घराण्याकडून आलेला हलका अलार्म. हृदय थोडं जोरात पळालं. त्याचं लक्ष गेलं. लक्ष गेलं की भीती, भीतीने श्वास भराभर. भराभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यानेच बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. मुंग्या आल्या म्हणजे अटॅकच, असं त्याला वाटलं. वाटल्यावर हृदय आणखी पळालं. डेव्हिड क्लार्क नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९८६ साली हे चक्र मांडलं, की शरीरातल्या साध्या खुणेचा आपण जीवघेणा अर्थ लावतो आणि तो अर्थच त्या खुणा वाढवत नेतो. यात कुठलं एक कारण काढून दाखवता? चहा? ठेकेदार? आजी?

आता माझं.

२०११ चा पावसाळा. मी तेव्हा क्वालिटीला होतो, पर्मनंट, कंपनीची गाडी. कस्टमरकडे आमचा एक लॉट रिजेक्ट झाला होता, लाइन थांबली तर मिनिटाचे पैसे डेबिट पडणार होते. सकाळी निगडीहून स्पाइन रोडने मोशीला आलो आणि इंद्रायणीच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकलो. पुढे कंटेनर, मागे कंटेनर. तिथे मला ते झालं. काच खाली केली, शर्टाची बटणं काढली, शेजारच्या टेम्पोवाल्याला हात करून सांगावंसं वाटलं की मी मरतोय. वीस मिनिटांनी ट्रॅफिक सुटलं आणि मी चाकणला जाऊन मीटिंग केली!

घरी सांगितलं, ॲसिडिटी.

दुसऱ्या दिवसापासून तो पूल टाळायला लागलो. आधी पहाटे पाचला निघायचो, रस्ता मोकळा असताना. मग देहूवरून येलवाडीमार्गे जायला लागलो, मग तळेगाववरून, तब्बल दुप्पट अंतर. (निगडीहून चाकणला जायचं तर इंद्रायणी कुठे ना कुठे ओलांडावीच लागते, हे भूगोलाचं सत्य मला तेव्हा कळलं. देहूला आहे, इंदोरीला आहे, सगळीकडे आहे.) खिशात जेलुसिलची पाकिटं. सिनेमाला कडेची खुर्ची. बायकोला दर दोन तासांनी फोन, उगाच. प्रत्येक वेळी पूल टाळला की हायसं वाटायचं, आणि त्या हायसं वाटण्यातूनच डोकं शिकत होतं की पूल खरंच धोक्याचा होता, टाळला म्हणून वाचलो. रिजेक्शनचं प्रकरण दोन महिन्यांत मिटलं. माझा आजार पुढे तीन वर्षं चालला. ज्याने सुरू झाला त्याने तो चालू राहिला नव्हता. चालू राहिला तो टाळण्याने, लपवण्याने आणि जेलुसिलने.

२०१४ मध्ये एका मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलो, चिंचवडमधल्या नाही, मुद्दाम पुण्यात, कुणी ओळखीचं दिसू नये म्हणून. काही महिने गोळ्या, आणि जोडीला एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे बसणं. त्या बाईंनी मला काय करायला लावलं माहीत आहे? स्ट्रॉमधून श्वास घ्यायला, ऑफिसच्या फिरत्या खुर्चीत गरगर फिरायला, मुद्दाम धापा टाकायला. मुंग्या येऊ देत, चक्कर येऊ दे, आणि बघा मरताय का. चाळिशीकडे झुकलेला असिस्टंट मॅनेजर खुर्चीत गिरक्या घेतोय! मग तो पूल. आधी रविवारी, मग गर्दीच्या वेळी, मग बायकोला फोन न करता, शेवटी खिशात जेलुसिल न ठेवता. शेवटचं सगळ्यात अवघड गेलं.

हे सगळं मला येत होतं, आणि तरी त्या वास्तुशांतीच्या दिवशी भाचा माझ्या मागोमाग गच्चीवर आला, कठड्याला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "मामा, मला वेड लागतंय का रे?" तेव्हा मी काय म्हणालो?

"नाही रे, ॲसिडिटी असेल."

खाली सतरंजीवरच्या सगळ्यांपेक्षा मी वाईट. त्यांना माहीत नव्हतं, मला माहीत होतं. मी आमच्या घरातला 'सेटल झालेला' माणूस आहे, पोरं माझं उदाहरण घेतात, ते उदाहरण मला खराब करायचं नव्हतं. लान्सेट सायकियाट्रीतल्या अभ्यासानुसार २०१७ साली भारतात साडेचार कोटींच्या आसपास लोकांना चिंताविकार होता. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बारा राज्यं घेतली होती, त्यांत महाराष्ट्र नव्हता. आम्हाला मोजलंच नाही म्हणून मी तेव्हा सरकारवर चिडलो होतो. पण मोजायला कुणी दारात आलं असतं तर मी तरी काय सांगितलं असतं? पित्त!

म्हणून काका, तुमच्याशी भांडण आहे आणि नाहीही. तुमच्या वेळी होतं. तुम्हालाच होतं. तुम्ही ते एकट्याने, अंगणात बसून काढलंत, आणि कुणी नाव घेतलं नाही म्हणून तुम्हाला वाटतं ते नव्हतंच. त्यात तुमचाही दोष नाही. पण त्या पोराला पुन्हा 'कमकुवत' म्हणू नका. म्हणायचंच असेल तर आधी मला म्हणा, मग आरशात बघून म्हणा. आणि ताई, लग्नाचं स्थळ आत्ता नको. दाजी, मोबाइल रात्री बाजूला ठेवायला सांगा जरूर, झोपेसाठी, पण शिक्षा म्हणून नको. सरकारची टेली-मानस म्हणून हेल्पलाइन आहे, १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून, फुकट आहे आणि मराठीत बोलतात. करमाळ्याहून लागतो फोन. त्याच्यासाठी नाही, तुमच्यासाठी सांगतोय, काय बोलायचं आणि काय नाही ते विचारायला.

गच्चीवरच्या त्या उत्तरानंतर मला चार दिवस झोप आली नाही. पाचव्या दिवशी कुरुळीला गेलो, त्याला खोलीतून बाहेर काढलं, हायवेच्या कडेला मिसळ खाल्ली आणि सगळं सांगितलं. पूल, जेलुसिल, फिरती खुर्ची. खुर्चीचं ऐकून तो हसला. बऱ्याच महिन्यांनी हसला असं त्याचा रूममेट नंतर म्हणाला. मग म्हणाला, "मग तू त्या दिवशी ॲसिडिटी का म्हणालास?" मला उत्तर सुचलं नाही. मी पाव मागवला.

थायरॉइडची तपासणी झाली, नॉर्मल आली. चहा दोन कपांवर आलाय, तंबाखू सुटायची आहे. ठेकेदाराने ब्रेकनंतर घेतलंय, पुन्हा सात महिने. येत्या गुरुवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे, चिंचवडमध्येच, कुणी बघितलं तर बघू दे. मी हाफ डे टाकलाय. त्याला आणायला मी कुरुळीला जाणार आणि तिथून दोघे त्याच्या बाइकवर येणार, संध्याकाळी साडेपाचला, म्हणजे मोशीच्या पुलावर पुरेपूर ट्रॅफिक असताना. बाइक तो चालवेल. मी मागे बसणार आहे.